लिनक्स मिंट मनासारखं करताना: कुठे बिनधास्त हात घालायचा, कुठे जपून

मागच्या वर्षी आईच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. आधीची सिस्टिम सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. ऑफिसात दिवसभर लिनक्स सर्व्हरवरच काम करतो, त्यामुळे घरचा लॅपटॉप सजवणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं वाटलं. दोन आठवड्यांत मी तो बंद पाडून दाखवला! त्यातून जे शिकलो ते सांगतो.

आधी थर ओळखा

डिस्ट्रो ही एकच सलग वस्तू नाही. तळाशी कर्नल असतो, जो लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला सुरुवात केली. त्यावर सिस्टिमच्या सेवा आणि पॅकेज मॅनेजर. मिंटमध्ये हा भाग मुख्यतः उबुंटूकडून येतो आणि उबुंटू स्वतः डेबियनवर उभं आहे. त्यावर डेस्कटॉप, म्हणजे एक्सएफसीई, सिनॅमन वगैरे. सगळ्यात वर थीम, आयकॉन आणि फॉन्ट.

नवख्याला उपयोगी पडणारी खूण सोपी आहे. पासवर्ड न मागता जो बदल होतो, तो सहसा तुमच्या होम फोल्डरपुरता असतो. पासवर्ड मागितला, की समजायचं आपण घराबाहेर पडलो. आता बदल सगळ्या मशीनवर होणार.

घरातले बदल

पॅनेल, थीम, शॉर्टकट यांच्या सेटिंग्ज होममधल्या डॉट-कॉन्फिग नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे तो लपलेला असतो. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतो. खेळ सुरू करण्याआधी त्याची एक कॉपी काढून ठेवा.

मराठीसाठी दोन गोष्टी केल्या. फॉन्टकॉन्फिगच्या फाइलमध्ये देवनागरीसाठी नोटो सान्सला पहिली पसंती दिली, त्यामुळे अक्षरं ठसठशीत दिसू लागली. ही फाइलसुद्धा होममध्येच ठेवता येते. आणि आयबस टाकलं. त्याच्या एम१७एन पॅकेजमध्ये इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही कळफलक मिळतात. पॅकेज टाकायला पासवर्ड लागतो, पण ते स्टोअरमधून घेतलं तर फारसा धोका नाही. आईला फोनेटिक जमलं आणि ती बचत गटाचा हिशोब थेट मराठीत लिहू लागली.

घराबाहेरचा बदल

मग मला हुरूप आला. बॅकअपची बाहेरची डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून मी एफएसटॅब या फाइलमध्ये एक ओळ वाढवली. सुरू होताना कोणकोणत्या डिस्क जोडायच्या, त्याची ही यादी. ती ईटीसी फोल्डरमध्ये असते, म्हणजे घराबाहेर. रीस्टार्ट करून पाहिलं, सगळं छान चाललं. रविवारी ती डिस्क बॅगेत टाकून मी पुण्याला परतलो.

शुक्रवारी दुपारी आईचा फोन. "अरे, नुसतं काळं दिसतंय, इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. उद्या गटाची बैठक आहे, हिशोब सगळा यातच आहे."

यादीत लिहिलेली डिस्क सापडली नाही, तर सिस्टिम साधारण ९० सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये थांबते. डिस्क माझ्याकडे, लॅपटॉप साताऱ्यात. संध्याकाळची एसटी पकडली. लाइव्ह पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, आतल्या डिस्कवरची ती फाइल उघडली आणि त्या ओळीत 'नोफेल' हा एक शब्द घातला. त्याचा अर्थ, डिस्क नसली तरी पुढे चल. काम पाच मिनिटांचं. हिशोब जसाच्या तसा होता.

माझे आताचे नियम

१. मोठ्या बदलाआधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घ्यायचा. मिंटमध्ये हे आधीपासूनच असतं आणि सिस्टिम सुरू होत नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरूनही जुनी स्थिती परत आणता येते.

२. टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डरमधल्या फाइल्स धरत नाही. कागदपत्रांचा आणि फोटोंचा बॅकअप वेगळा घ्यायचा.

३. एका वेळी एकच बदल, मग रीस्टार्ट. आणि रीस्टार्ट खऱ्या परिस्थितीत करायचा. मी डिस्क जोडलेली ठेवूनच तपासलं, तिथेच फसलो.

४. काय बदललं ते तारखेसह कागदावर लिहायचं. लॅपटॉपच सुरू झाला नाही, तर त्यातली नोंद काय कामाची?

५. लाइव्ह पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवायचा.

हे सगळं वाचून घाबरू नका. थीम आणि पॅनेल हवं तितकं उलटंपालटं करा, शिकायची खरी मजा तिथेच आहे. फक्त पासवर्डची चौकट आली, की क्षणभर थांबा आणि विचारा: हे बिघडलं तर उद्या कोणाचं काम अडेल?

आमच्याकडे आता आईच विचारते, "काही नवीन घातलंस का? मग निघायच्या आधी एकदा बंद करून चालू करून दाखव."