‘हेड’ म्हणजे डोकं नव्हे

“बाई, गॉडहेड म्हणजे देवाचं डोकं का?” नववीच्या वर्गातल्या एका मुलाने मला हा प्रश्न विचारला, तेव्हा त्याच्या हातात इस्कॉनची इंग्रजी भगवद्गीता होती. मूळ संस्कृतात ‘श्रीभगवानुवाच’ असतं, तिथे त्या पुस्तकात ‘सुप्रीम पर्सनॅलिटी ऑफ गॉडहेड’ म्हणाले, असं छापलेलं. “अरे, परमेश्वर,” असं सांगून मी धडा पुढे नेला. उत्तर खोटं नव्हतं, पण त्याने विचारलं होतं ते ‘हेड’बद्दल. ते मी टाळलं, कारण मलाही माहीत नव्हतं. घरी येऊन शब्दकोश उघडला.

आपल्याकडे हा शब्द बहुतेकांना याच वाटेने भेटतो. इस्कॉनचे संस्थापक भक्तिवेदांत स्वामी यांनी १९४४ साली कोलकात्यात सुरू केलेल्या नियतकालिकाचं नावच ‘बॅक टू गॉडहेड’. एरवी इंग्रज माणूससुद्धा बोलताना तो वापरत नाही. चर्चमधली प्रार्थना, जुनं बायबल, तत्त्वज्ञानाचे ग्रंथ, एवढ्यातच त्याचा वावर.

यातलं ‘हेड’ डोक्याचं नाहीच. डोक्याचा ‘हेड’ जुन्या इंग्रजीतल्या ‘हेआफोद’वरून आला. हा दुसरा ‘हेड’ म्हणजे नामाला लागणारा प्रत्यय, ‘चाइल्डहुड’मधल्या ‘हुड’चा सख्खा भाऊ. एखाद्याची अवस्था, त्याचं ‘असणं’ तो सांगतो. जर्मनमध्ये त्यांचा नातलग ‘हाइट’ आजही जोमात आहे; बालपणाला तिथे ‘किंडहाइट’ म्हणतात. इंग्रजीत मात्र ‘हुड’ने सगळं राज्य घेतलं आणि ‘हेड’ ‘मेडनहेड’, ‘गॉडहेड’ अशा दोनचार शब्दांत अडकून राहिला.

मराठी माणसाला खरं तर हे शिकवावं लागू नये. चाइल्डहुड म्हणजे बालपण, मदरहुड म्हणजे आईपण, तसं गॉडहेड म्हणजे देवपण. आणि मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो पुढचं कळल्यावर: आपला ‘पण’ वेदातल्या ‘त्वन’ या प्रत्ययावरून, प्राकृतातल्या ‘प्पण’मधून घडत आला. ऋग्वेदात ‘महित्वन’ आहे, म्हणजे मोठेपण. ‘देवत्व’मधला ‘त्व’ त्याच घरातला. ‘हुड’ आणि ‘हेड’ जसे भाऊ, तसेच ‘त्व’ आणि ‘पण’.

१६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘गॉडहेड’ तीन ठिकाणी येतो: प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, रोमकरांस पत्रात आणि कलस्सैकरांस पत्रात. गंमत अशी की मूळ ग्रीकमध्ये तिन्हीकडे शब्द वेगळे आहेत. पहिला ‘जे दैवी आहे ते’ असा, दुसरा दैवी गुण सांगणारा, तिसरा साक्षात देव असणं. जुन्या भाषांतरकारांनी तिघांवर एकच शब्द पांघरला. पुढच्यांनी तो बदलून ठिकठिकाणी ‘डीइटी’, ‘दैवी स्वभाव’ असे शब्द आणले. मराठी बायबलने शेवटच्या दोन ठिकाणी ‘देवपण’ लिहिलं आहे. मला तो शब्द इंग्रजीपेक्षाही नेमका वाटतो, कारण त्यात डोक्याचा घोटाळा होत नाही.

पण देव आणि देवपण वेगळे कशाला करायचे? सुमारे १२६० ते १३२८ या काळातला जर्मन धर्मोपदेशक माइस्टर एकहार्ट याने ते सगळ्यात धीटपणे केले. देव निर्माण करतो, कर्म करतो. देवपणाला काहीच करायचं नसतं, ते केवळ आहे, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे सगुण-निर्गुणाचा विचार ऐकत वाढलेल्याला हे परकं वाटत नाही, मात्र दोन्ही एकच आहेत असं म्हणण्याची घाई मी करणार नाही. उलट ‘पर्सनॅलिटी ऑफ गॉडहेड’ म्हणणाऱ्यांचा आग्रह असा की देवपण निराकार तत्त्व नाही, ते श्रीकृष्ण या व्यक्तीचंच आहे. शब्द एक, टोकं दोन.

प्रेषितांच्या कृत्यांमधल्या त्या जागी ख्रिस्ताचा प्रेषित पौल अथेन्सकरांना सांगतो की देवपण हे माणसाने घडवलेल्या सोन्या-चांदीसारखं वा दगडासारखं समजू नका. हे वाचलं की मला आईचा देव्हारा आठवतो. आमच्या खंडोबाचा चांदीचा टाक रोज घासून इतका झिजला होता की देवाचं डोकं सपाट झालं होतं, घोडा तेवढा ओळखू यायचा. सोनाराने नवा टाक करून दिला. तो आईने फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवला आणि “अजून चांदीच आहे ती,” म्हणाली. जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणल्यावरच तो देव्हाऱ्यात बसला. तोवर रोजचं फूल त्या बिनडोक्याच्या जुन्या टाकालाच वाहिलं जात होतं.