एक धडा, पाच वाटा

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून सी. पी. टँककडे गेले की सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी उभारलेली हिराबाग लागते. ताडदेवला विद्यार्थ्यांसाठी जैन बोर्डिंगही त्यांनीच काढले. व्यापाऱ्याच्या मुलाला निवाऱ्याइतकीच विद्येची गरज असते, हे या दानशूराने ओळखले होते.

आजचा प्रश्न निराळा आहे. गल्ल्यावर बसून बिनचूक हिशेब करणारा मुलगा शाळेत गणितात मागे पडतो. पाठशाळेत स्तोत्र मुखोद्गत म्हणणारी मुलगी अर्थ विचारताच गप्प होते. घरची मंडळी घाईने म्हणतात, ‘याचे डोके चालत नाही.’ हा शिक्का एकदा बसला की मूलही तो खरा मानू लागते.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात बाजारात माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना त्यांची जवळजवळ ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच आकडेमोड कागदावर दिली तेव्हा अवघी ३७ टक्के. उणीव बुद्धीची नव्हती. शाळेचे गणित आणि बाजाराचे गणित यांना जोडणारा पूल नव्हता.

यावर सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे मुलांची ‘पाहून शिकणारा’, ‘ऐकून शिकणारा’ अशी वर्गवारी. मात्र हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा अशा वर्गवारीनुसार शिकवल्याने विद्या अधिक चढते, याला पुरेसा आधार आढळला नाही. म्हणजे हाही एक शिक्काच. मुले वाटून घेण्यापेक्षा एकच धडा सर्वांना अनेक वाटांनी देणे अधिक हिताचे.

ताराबाई मोडक यांनी हेच केले. भावनगरला गिजुभाई बधेकांसमवेत काम करून त्या महाराष्ट्रात परतल्या. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी बालशिक्षणाचे कार्य उभारले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली.

जैन परंपरेला हा विचार परका नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, चिंतन करणे, घोकणे आणि इतरांना सांगणे. हे पाच प्रकारच्या साधकांसाठी वाटून दिलेले नाहीत. एकाच साधकाने पाचही आचरायचे आहेत.

पाठशाळेतील अचौर्य अणुव्रताचा धडा घ्या. कमी-अधिक मापे वापरणे हा या व्रताचा अतिचार. प्रथम शिक्षकाने तो वाचून समजवावा. मग तराजू आणि दोन वजने मुलांच्या हाती द्यावीत, त्यांतले एक मुद्दाम हलके. मुलांनी तांदूळ तोलून फरक स्वतः शोधावा, शंका विचाराव्यात. मग घटकाभर शांत बसून ‘गिऱ्हाइकाच्या जागी आपण असतो तर?’ याचा विचार करावा. पाचही अणुव्रतांची नावे एकत्र घोकावीत. घरी जाऊन धाकट्या भावंडाला सारे समजावून सांगावे. जिथे सांगता येत नाही, तिथेच शिकणे अपुरे राहिले आहे.

यासाठी खर्च नाही. आदल्या रात्री अर्धा तास तयारी हवी. दुकानात एक माल खपला नाही तर व्यापारी गिऱ्हाइकाला दोष देत नाही, मांडणी बदलून पाहतो. मुलाच्या बाबतीतही शिक्का मारण्यापूर्वी तेवढे करून पाहणे आपले कर्तव्य आहे.