दंतपंक्तीचा बंदोबस्त

वर्धा शहराला येऊन भिडलेल्या आणि जनगणनेच्या दप्तरात नगर म्हणून दाखल झालेल्या पिपरी मेघे या वस्तीत दातांना तार बसवलेली मुले आता नवलाईची राहिलेली नाहीत. एका पिढीपूर्वी या इलाजासाठी बहुधा नागपूर गाठावे लागे. परंतु शेजारच्या सावंगी मेघे येथे १९९१ साली शरद पवार दंत महाविद्यालय सुरू झाले आणि ही सोय हाकेच्या अंतरावर आली. तार बसवण्याचे काम दंतवैद्याचे खरे, पण पुढची दीड-दोन वर्षे ती सांभाळण्याचा भार मात्र घराच्या स्वयंपाकघरावर आणि न्हाणीघरावर पडतो, हे पुष्कळ पालकांच्या उशिरा ध्यानात येते.

दात हा जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक सूक्ष्म अस्तर असते, आणि तारेचा मंद पण अखंड दाब पडत राहिला म्हणजे ज्या बाजूस दाब पडतो त्या बाजूचे हाड विरत जाते व विरुद्ध बाजूस नवे हाड भरत येते. ही गती महिन्याला सुमारे एक मिलिमीटर, आणि जोर वाढवून ती वाढत नाही. अतिरेकी दाबाने उलट मुळाचीच झीज होण्याचा संभव असतो. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली धातूच्या पट्टीला दात दोऱ्याने बांधण्याची रीत लिहून ठेवली, तेव्हापासून या शास्त्राचा सारा प्रवास सौम्य दाबाच्या शोधाचा आहे. १९७० च्या दशकात प्रचारात आलेली निकेल-टायटॅनियमची तार याच कारणाने दंतवैद्यांना प्रिय झाली.

प्रत्येक वेळी तार आवळून आल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात, तेव्हा वरणभात आणि मऊ खिचडी यांवर भागवावे. पुढे जेवण पूर्ववत होते, मात्र चावण्याची रीत बदलावी लागते. पेरू, सफरचंद किंवा मक्याचे कणीस पुढच्या दातांनी तोडू नये. फळाच्या बारीक फोडी कराव्यात आणि मक्याचे दाणे सोलून घ्यावेत. वऱ्हाडी पंगतीतला रोडगा तुपात आणि वरणात पुरता चुरल्याशिवाय तोंडात घालू नये. फुटाणे, ऊस, चिक्की आणि कडक तिळगूळ यांची मात्र मुदत संपेपर्यंत रजाच. वर्ध्याचा प्रसिद्ध गोरसपाक हा बिस्किटाचा प्रकार ठिसूळ असल्याने त्यावर बंदी घालण्याचे कारण मला दिसत नाही. त्याचा भुगा दातांवर चिकटवलेल्या, तार धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटभोवती साचतो, सबब खाल्ल्यावर खळखळून चूळ भरली म्हणजे झाले. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याविषयी काय लिहावे? त्यातली सुपारी ब्रॅकेट उखडते, पण तो वर्ज्य करण्यास तारेची सबब शोधावी लागणे हेच दुर्दैव.

याच जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन लाभलेले आहे, आणि तिच्या रंगाचा प्रताप तार बसवलेल्या घरास लवकरच कळतो: ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरे थोड्याच दिवसांत पिवळीजर्द होतात. यात अपाय काही नाही, कारण पुढच्या भेटीत ती बदललीच जातात. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी करडी किंवा गडद रबरे मागून घ्यावीत.

खरे नुकसान निराळेच असते, आणि ते तार काढल्यावर उघडकीस येते. ब्रॅकेटच्या कडेला अन्नाचा थर साचून राहिला, की तेथील जंतूंच्या आम्लाने दाताच्या कवचातील क्षार निघून जातात, आणि सरळ झालेल्या दातांवर चौकोनाच्या आकाराचे पांढुरके डाग कायमचे उमटतात. म्हणून प्रत्येक जेवणानंतर, निदान सकाळी आणि रात्री, फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन ब्रश तारेच्या वरून व खालून तिरपा धरून फिरवावा, आणि तारेखालच्या फटीसाठी बारीक शंकूसारखा छोटा ब्रश ठेवावा. राखुंडी आणि भरड दंतमंजन या काळात बाजूस ठेवलेले बरे. ज्यांचे बालपण यवतमाळ-चंद्रपूरकडील फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावांत गेले, त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. अशा दातांवर ब्रॅकेट चिकटवताना अधिक तजवीज करावी लागते.

तारेचे टोक गालात रुतू लागले, तर त्यावर दंतवैद्याने दिलेले मेण दाबून बसवावे, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात आणि दवाखान्यात जावे. घरातील एखाद्या उत्साही काकांनी पक्कड आणली, तर ती जप्त करावी.

तार निघाली म्हणजे सुटका झाली, असे समजून पेढे वाटणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे, की ताणलेले तंतू दातांना जुन्या जागी ओढू पाहतात, आणि त्यांना अडवण्यासाठी रिटेनर घालावा लागतो; प्रथम बहुतेक वेळ, मग रात्रीपुरता, आणि तोही वर्षानुवर्षे. शाळेत डबा खाताना मुले तो कागदात गुंडाळून ठेवतात व कागदाबरोबर टाकून देतात, म्हणून त्याची डबी दप्तरात असावीच. तो गार पाण्यानेच धुवावा. कढत पाण्यात त्याचा आकार बिघडतो, आणि मग नव्या मापासाठी पुन्हा सावंगीची खेप.