पेटीबंद प्रामाण्य: कॉमिक्सचं ग्रेडिंग आणि आप्ताचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणापाशी येऊन थांबलो होतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला जे ज्ञान होतं ते केव्हा खरं मानायचं? न्यायदर्शनाचं उत्तर असं की सांगणारा 'आप्त' असेल तर. मग आप्त कोण, हा प्रश्न आम्ही आजसाठी राखून ठेवला होता. दोन-तीन श्रोत्यांनी कळवलं की उदाहरणं जरा आजच्या जगातली द्या, धूर आणि अग्नी फार झाले. म्हणून आज आम्ही अमेरिकेतल्या कॉमिक्सचं उदाहरण घेणार आहोत. हसू नका. या विषयाने आमच्या घरातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाला बराच त्रास दिला आहे, आणि त्याने आम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे तयार नव्हतं.

आमची मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात. जावईबापू विद्यार्थी म्हणून तिकडे गेले तेव्हा, नव्वदच्या दशकात, त्यांनी कॉलेजच्या गावातल्या एका दुकानातून 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३००वा अंक घेतला होता. १९८८चा अंक. व्हेनम नावाचं खलपात्र त्यात पहिल्यांदा पूर्णपणे समोर येतं, म्हणून संग्राहकांमध्ये त्याला मोठा मान आहे. जावयांना तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं; त्यांना मुखपृष्ठ आवडलं. अंक घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा लावून, नीट राहिला. पुढे तो आमच्या नातवाकडे आला आणि नातवाच्या डोक्यात आलं की याला 'ग्रेड' करून घ्यायचं.

ज्यांना या जगाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या कॉमिकची किंमत दोन गोष्टींवर ठरते: कोणता अंक आणि कोणत्या अवस्थेत. पहिली गोष्ट कुणीही वाचून सांगेल. वाद असतो दुसरीचा. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० साली किमतींची मार्गदर्शिका छापायला सुरुवात केली. 'गुड', 'फाइन', 'मिंट' अशा शब्दांत अवस्था सांगायची रीत होती. पण शब्द कोण वापरणार? विकणाराच. त्यामुळे ज्याला विकायचंय त्याचा अंक नेहमी मिंटच्या जवळपास, आणि ज्याला घ्यायचाय त्याच्या नजरेत तोच अंक जेमतेम गुड. टपालाने अंक मागवायचा आणि पाकीट उघडल्यावर कपाळाला हात लावायचा, असं चाले. काही जण उडालेला रंग हळूच भरून, फाटलेलं चिकटवून अंक विकत आणि त्याबद्दल बोलत नसत. इंटरनेटवर लिलाव सुरू झाले तसा हा घोळ वाढला, कारण वस्तू हातात न घेताच लोक पैसे मोजू लागले.

त्यावर तोडगा म्हणून तिसरा माणूस आला. सीजीसी ही कंपनी २००० साली सुरू झाली; पुढे आणखी कंपन्या आल्या. काम असं की अंक घ्यायचा, परीक्षकांनी तपासायचा, कण्यावरच्या बारीक रेघा, बोथट झालेले कोपरे, पिनांवरचा गंज, कागदाचा पिवळेपणा पाहायचा, ०.५ ते १० मधला एक आकडा द्यायचा आणि अंक पारदर्शक कडक पेटीत कायमचा बंद करायचा. वर लेबल. रंग भरलेला किंवा दुरुस्त केलेला असेल तर लेबलाचा रंगच वेगळा. ही सोय खरोखर उपयोगी आहे, हे आम्ही आधीच मान्य करतो. सुपरमॅनचा पहिला अंक, १९३८चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' क्रमांक १, मूळ किंमत दहा सेंट. त्याची ९.० श्रेणीची प्रत २०१४ साली बत्तीस लाख डॉलरला गेली आणि २०२४ साली ८.५ श्रेणीची प्रत साठ लाखांना. एवढी रक्कम कुणी विक्रेत्याच्या गोड शब्दांवर देणार नाही.

आता तो आकडा पाहा. एकूण पंचवीस पायऱ्या आहेत, पण त्या सारख्या अंतरावर नाहीत. ८ आणि ९ यांच्यामध्ये एकच पायरी, ८.५. आणि ९ आणि १० यांच्यामध्ये? ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९. पाच! खाली दीड आणि दोनच्या मध्ये १.८ अशी एक विचित्र पायरी आहे, तिचं आम्हाला फार कौतुक वाटतं. जिथे दोष डोळ्यांना सहज दिसतो तिथे पायऱ्या विरळ आणि जिथे भिंगाशिवाय दिसत नाही तिथे दाट, असं का? कारण पैसा वर आहे. नव्या काळातल्या अंकांत ९.८ आणि ९.४ यांच्या किमतीत काही पटींचा फरक पडतो. युबुलिडीसचा धान्याच्या ढिगाचा कूटप्रश्न आपण पाहिला होता: एकेक दाणा काढत गेलं तर ढीग ढीग राहत नाही ती वेळ कोणती? तिथे आपण म्हणालो होतो की रेषा कुठेतरी मारावी लागते आणि ती मनमानी असते. इथे त्या मनमानी रेषेवर एका मुलाच्या सुट्टीतल्या कमाईच्या कितीतरी पट पैसे टांगलेले आहेत.

नातवाला कन्व्हेन्शनला जायचं होतं म्हणून आम्हीही गेलो. कन्व्हेन्शन म्हणजे कॉमिक्सवाल्यांची जत्राच. सॅन डिएगोची प्रसिद्ध जत्रा १९७०पासून भरते. आम्ही गेलो ती त्याहून बरीच लहान. मोठं दालन, हजारो माणसं, कुणी मुखवटे चढवलेले, चित्रकार सह्या देतायत. ग्रेडिंग कंपन्यांचे स्टॉल असतात तिथे रांग सर्वांत लांब. कोणती कंपनी ते आम्ही सांगणार नाही. रांगेत दीड तास गेला. पुढच्या माणसाकडे चाकांच्या पेटीत साठेक अंक होते, आणि प्रत्येकाचा फॉर्म तो टेबलाशी उभा राहून भरत होता.

आमची पाळी आली तेव्हा लक्षात आलं की टेबलामागे परीक्षक नाहीच. तिथे अंक स्वीकारणारे लोक. परीक्षक शेकडो मैल दूर. फॉर्मवर अंकाचं नाव, क्रमांक, वर्ष आणि 'तुमच्या मते किंमत' लिहायची, कारण शुल्क किमतीवर ठरतं. आम्ही सहज विचारलं, किंमत श्रेणीवर ठरते आणि श्रेणी तुम्ही देणार, मग किंमत आम्ही आधी कशी लिहावी? टेबलामागची मुलगी छान हसली आणि म्हणाली, अंदाजे लिहा. मग तिने विचारलं, प्रेसिंग करायचंय का? उष्णता आणि दाब देऊन सुरकुत्या बसवतात. म्हणजे कॉमिकला इस्त्री. गंमत अशी की कमी झालेला रंग भरला तर ती दुरुस्ती आणि लेबलावर डाग. पण इस्त्री केली तर ती दुरुस्ती धरत नाहीत. सांगा, न्यायाधिकरण आणि धोबी एकाच टेबलावर बसले तर आपल्याकडे काय म्हणतील? नातवाने प्रेसिंग नको म्हटलं. पावती मिळाली. काही आठवडे लागतील म्हणाले.

सात महिने लागले. श्रेणी ९.२.

पोराला ९.८ची आशा होती, निदान ९.६ची. पण त्याचं दुःख आकड्याचं नव्हतं, हे आम्ही जवळून पाहिलं आहे. पेटीतून पाहिलं तर मुखपृष्ठाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याला एक बारीक मोड दिसत होती, रंग तुटलेली. द्यायच्या आदल्या रात्री त्याने सहा फोटो काढले होते. त्यांत ती मोड नाही. त्याने नम्रपणे कळवलं. उत्तर आलं की अंक आमच्याकडे ज्या अवस्थेत आला त्या अवस्थेचं मूल्यमापन केलं आहे. आता पावती काढून पाहिली तर तिच्यावर अंकाचं नाव आहे, संख्या आहे, लिहिलेली किंमत आहे. अवस्थेबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे टेबलावर दिल्यापासून परीक्षकाच्या हाती पडेपर्यंत त्या अंकाला अवस्थाच नव्हती! ज्यांचा सगळा धंदा अवस्था सांगण्याचा, त्यांच्या पावतीत अवस्थेचा रकाना नाही. आपल्याकडे सराफाकडे मोडीचं सोनं नेलं तर तो आधी आपल्यासमोर वजन करतो, काटा आपल्याकडे वळवतो. त्याचा हिशेब पुढे पटो न पटो, वजन दोघांनी पाहिलेलं असतं.

मोड वाटेत पडली की पेटी बंद करताना, की फोटोत ती दिसलीच नाही, हे आम्हाला सांगता येणार नाही. नातवाने विचारलेला प्रश्न वेगळा होता. तो म्हणाला, "आजोबा, मी तो अंक रोज बघत होतो. आता मला वाटतंय की मलाच नीट दिसत नव्हतं का? खरं कोणाचं धरायचं?"

इथे वात्स्यायनाकडे जाऊ. न्यायसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात तो आप्ताच्या अटी सांगतो: त्याने वस्तू स्वतः साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याची त्याला इच्छा असावी. एवढंच. जात, देश, पदवी काही नाही. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना हे लक्षण सारखंच लागू पडतं असं तो स्पष्ट म्हणतो. आम्हाला हे वाक्य शिकवताना नेहमी आनंद होत असे. आता परीक्षकाला हे लावा. पहिली अट तो पुरी करतो. त्याने अंक हातात घेऊन पाहिला आहे, बहुधा नातवापेक्षा जास्त शिकलेल्या नजरेने. दुसरी अट? त्याने काय पाहिलं ते त्याने सांगितलंच नाही. त्याने आकडा सांगितला. 'खालच्या कोपऱ्यात मोड, कण्यावर दोन रेघा' हे जाणलेल्या वस्तूचं कथन झालं. '९.२' हा त्या कथनावरचा निकाल आहे. निकालाशी वाद घालता येत नाही, फक्त तो मान्य करता येतो किंवा चिडता येतं. कन्व्हेन्शनमध्ये टेबलाभोवती जी चिडचिड दिसते तिचं मूळ आमच्या मते इथे आहे. ज्याने पाहिलं तो टेबलाशी नाही, आणि जो टेबलाशी आहे त्याने पाहिलेलं नाही.

आम्ही पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, तेव्हा हे बोलताना जपून बोललं पाहिजे. पन्नासावी उत्तरपत्रिका आणि पाचवी उत्तरपत्रिका एकाच मनाने तपासली जात नाही, हे कुठलाही प्रामाणिक परीक्षक कबूल करेल. आम्हीसुद्धा समासात काही न लिहिता नुसते ४७ टाकून मोकळे झालो आहोत. विद्यार्थ्याने विचारलं तर पूर्वी 'पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा' एवढंच सांगायची पद्धत होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की माहिती अधिकाराखाली विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल. तेव्हा आमचे काही सहकारी फार अस्वस्थ झाले होते. आम्हीही थोडे झालो होतो. पण त्यानंतर समासात लिहायची सवय लागली, हे खरं.

आता प्रामाण्याचा मोठा वाद. मीमांसक म्हणतात ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाधा येईपर्यंत. नातवाचं आधीचं बघणं तसं होतं. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरतं. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे दिसलं ते खरं. सफल प्रवृत्ती हा पुरावा. मग ९.२ची 'तहान' कशाने भागते? अंक ९.२च्या भावाने विकला गेला की भागली. पण घेणाऱ्याने तरी अंक कुठे तपासला? तो पेटीत आहे. त्याने लेबल पाहिलं. म्हणजे आकडा खरा कारण बाजार तो मानतो, आणि बाजार मानतो कारण आकडा खरा. याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. या छंदातल्या जुन्या मंडळींना हे चांगलं ठाऊक आहे. ते पेटी फोडतात, तोच अंक पुन्हा पाठवतात आणि कधी कधी वेगळा आकडा मिळवतात. दोन्ही वेळा शुल्क भरून, अर्थात.

आणखी एक गोष्ट सांगायची राहते. १९७४च्या सुमारास मार्व्हलने आपल्या अंकांच्या आत छोटे स्टँप छापले होते. मुलांनी ते कापून वहीत चिकटवायचे, असं प्रकाशकानेच सांगितलं होतं. 'इन्क्रेडिबल हल्क'च्या १८१व्या अंकातही, ज्यात वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण कथेत येतो, असा स्टँप होता. ज्या मुलांनी सांगितल्याप्रमाणे केलं त्यांचे अंक आज सदोष ठरतात. श्रेणी देणाऱ्याची यात चूक नाही. तुकडा नाही तर नाही. पण कागदाचा तुकडा नसणं आणि तो का नाही हे कळणं, या दोन वेगळ्या माहित्या आहेत, आणि आकड्यात दुसरीला जागा नाही.

आम्ही नातवाला काय सांगितलं? इतकंच की तुझे सहा फोटो हेही प्रमाण आहे, ते फेकू नकोस. पुढच्या वेळी टेबलावरच, त्यांच्या माणसासमोर, चारी कोपऱ्यांचे फोटो काढ आणि पावतीच्या मागे त्याची सही माग. देणार नाहीत बहुधा. पण न देण्याचं कारण तरी विचारता येईल, आणि तेव्हा समोर माणूस असेल.

पेटी फोडायची का यावर घरात दोन मतं पडली. फोडली तर आकडा गेला, न फोडली तर अंक वाचता येत नाही. अखेर जावयांनी त्याच अंकाची एक जीर्ण प्रत आणली, कण्यावर पांढऱ्या रेघाच रेघा, मुखपृष्ठ एका पिनेवर लोंबतंय. नातवाने ती आम्हाला शेजारी बसवून वाचून दाखवली. गोष्ट बरी आहे, मारामारी जरा जास्त. व्हेनम हे पात्र पुढच्या अंकांमध्ये स्वतःबद्दल बोलताना नेहमी 'आम्ही' म्हणतं, अशी माहिती नातवाने पुरवली आणि आमच्याकडे बघून तो बराच वेळ हसत होता.