रॉकेटच्या पोटात काय भरतात?

बाटलीत उभं करून दिवाळीचं रॉकेट आपण सगळ्यांनीच उडवलंय. त्यात काळी दारू असते. एक किलो दारू एक किलोचा रेटा जेमतेम 80 सेकंद देते. या आकड्याला 'स्पेसिफिक इम्पल्स' म्हणतात. रॉकेटचं ॲव्हरेजच म्हणा ना!

परदेशातले हौशी लोक मोठ्या रॉकेटला तयार विकत मिळणारी संमिश्र इंधनाची मोटर लावतात. यात ऑक्सिजन पुरवणारा क्षार रबरात घट्ट बांधलेला असतो. ॲव्हरेज 200 च्या आसपास. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा याच जातीचा, सुमारे 139 टन इंधनाचा. भारतात या इंधनाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत गोवारीकर होते. आणि इस्रोच्या मोटरची कवचं बनतात आपल्या शेजारच्या वालचंदनगरला!

पण घन इंधन एकदा पेटलं की थांबवता येत नाही. म्हणून आलं हायब्रिड : रबर मोटरमध्ये, नायट्रस ऑक्साइड वेगळ्या टाकीत. व्हॉल्व्ह बंद केला की आग बंद. 2004 साली 'स्पेसशिपवन' यावरच अंतराळात गेलं. टाकी आणि व्हॉल्व्हचं वजन मात्र वाढतं.

मग हायब्रिड बिनधोक? तेही नाही. 2007 मध्ये अमेरिकेतल्या मोहावीत इंजिन न पेटवता नुसत्या नायट्रसच्या चाचणीत स्फोट झाला, तिघे गेले. ते तर कसलेले लोक होते.

तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत दारू कुटायचा विचारही नको. 1884 च्या कायद्यानं त्याला परवाना लागतो, आणि बोटं पुन्हा उगवत नाहीत. हात शिवशिवत असतील तर पाण्याचं बाटली-रॉकेट करा. न्यूटनचा तिसरा नियम तिथंही तोच!