पंपाच्या पेटींतील बंद झालेली चिप व तिची बदली

विहिरीवर मोट चालत होती तोंपर्यंत तिच्या दुरुस्तीचा प्रश्न गांवांतल्या गांवांत सुटत असे. नाडा तुटला तर दुसरा वळतां येई. चाक मोडलें तर सुतार नवें बसवून देई. हल्लीं पंप चालू-बंद करणें, तिन्ही फेज तपासणें व ठिबकच्या पाळ्या बदलणें हें काम पुष्कळ ठिकाणीं एका लहानशा पेटीकडे सोंपविलेलें असतें, आणि त्या पेटीचें सर्व शहाणपण एका काळ्या चिपमध्यें सांठविलेलें असतें. ती चिप निकामी झाली व तिचें उत्पादनच बंद पडलेलें असलें, तर विहिरींत पाणी आणि तारेंत वीज असूनहि उभें पीक सुकूं लागतें. अशा वेळीं काय करावें, याचा विचार प्रत्येक बागाइतदारानें आधींच करून ठेवणें इष्ट आहे.

चिप व तिची भाऊबंदकी

या चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. दुरुस्तीवाले तिला नुसतें ‘आयसी’ म्हणतात. हिशेब करणारा भाग, हुकूम लिहून ठेवण्याची कायमची स्मृति आणि तात्पुरत्या आंकड्यांची स्मृति हीं तिन्ही तिच्यांत एकत्र असतात. अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें १९८० सालीं ८०५१ नांवाची अशी चिप काढली. तिला ४० पाय, हुकुमांसाठीं ४ किलोबाइट जागा व आंकड्यांसाठीं १२८ बाइट जागा होती. इंटेलनें इतर कंपन्यांसहि ती बनविण्याचे परवाने दिल्यामुळें तिचा वंश जगभर पसरला. त्यांपैकीं अ‍ॅटमेल कंपनीची एटी८९सी५१ ही चिप पुसून पुन्हा लिहितां येत असल्यामुळें लहान कारखानदारांस फार सोयीची वाटली.

पुढें इंटेलनें २००६ सालीं सूचना देऊन २००७ मध्यें या वंशाचें उत्पादन थांबविलें. अ‍ॅटमेल कंपनी २०१६ सालीं मायक्रोचिप कंपनीनें विकत घेतली. चिपच्या व्यापारांत असा प्रघात आहे कीं, उत्पादन बंद करण्याच्या सूचनेनंतर शेवटच्या मागणीस निदान सहा महिने व शेवटच्या पुरवठ्यास निदान बारा महिने मुदत द्यावी. परंतु ही सूचना पेटी बनविणाऱ्यास जाते, पेटी वापरणाऱ्यास नाहीं. फेरफाराची नोटीस खातेदारास न मिळतां भलत्याच गांवच्या चावडीवर लागावी, तसा हा प्रकार आहे.

प्रथम दोष कोठें आहे तें पाहावें

पेटी बंद पडली म्हणजे चिपच गेली असें समजूं नये. पुष्कळ वेळां फुगलेला कपॅसिटर, जळालेला रिले किंवा पांच व्होल्टचा पुरवठा देणारा लहान भाग हेंच खरें कारण असतें. जाणत्या कारागिराकडून ८०५१ च्या वंशांतील ४० पायांच्या चिपच्या ४० व्या व २० व्या पायांमध्यें पांच व्होल्ट येतात काय, आणि १८ व १९ या पायांवरील क्रिस्टल चालतो काय, हें आधीं तपासून घ्यावें. पेटींत थ्री-फेजचा ४१५ व्होल्टचा दाब असतो. म्हणून मुख्य स्विच पाडल्यावांचून कोणीहि आंत हात घालूं नये. पाण्याची पाळी चुकवितां येत नसेल तर साधा हातानें चालविण्याचा स्टार्टर लावून काम भागवावें. मात्र मोटरीचा ओव्हरलोड रिले काढूं नये, नाहींतर चिपबरोबर मोटरहि जळावयाची.

बदली कशी शोधावी

बदलीची चिप निवडतांना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत : पाय, विजेचा दाब व भाषा. एटी८९सी५१ च्या जागीं त्याच घराण्यांतील एटी८९एस५१ बसते. एटी८९एस५२ ही तिची थोरली बहीण. तिच्यांत हुकुमांस ८ किलोबाइट व आंकड्यांस २५६ बाइट जागा आहे, व जुने हुकूम तीवरहि चालतात. परंतु एटी९०एस८५१५ या चिपचे पाय ८०५१ सारखेच मांडलेले असूनहि तिची भाषा निराळी आणि तिचा रीसेटचा पाय उलट्या रीतीनें चालणारा आहे. तेव्हां केवळ पाय जुळले म्हणून सोयरीक करूं नये.

खरें धन हुकुमांत आहे

कोरी चिप मिळाली तरी तिच्यांत पेटीचे हुकूम लिहावे लागतात. जुन्या पेटींत ८०३१ ही चिप असेल तर हुकूम शेजारच्या दुसऱ्या चिपमध्यें असतात, व केवळ ८०३१ बदलून काम होतें. हुकूम कारखान्यांतच कायमचे कोरलेले असतील, किंवा नकल होऊं नये म्हणून चिपला कुलूप घातलेलें असेल, तर मात्र बनविणाराच्या मदतीवांचून इलाज राहत नाहीं. माझ्या माहितींतील एका डाळिंबाच्या बागेंत असेंच झालें. बदलीची चिप शहरांत मिळाली. परंतु पेटी बनविणाऱ्यानें ‘तो नमुना आतां चालू नाहीं’ एवढेंच उत्तर देऊन हुकूम देण्याचें नाकारलें. परिणामीं मालकास अख्खी पेटी नवी घ्यावी लागली, आणि ती येईपर्यंत घरांतील माणसांनीं रात्रीच्या विजेच्या पाळीस जागून व्हॉल्व्ह हातानें फिरविले.

बंद झालेल्या चिपच्या बाजारांत नकलीहि फार असतात. जुनी काढलेली चिप घांसून तिच्यावर नवें नांव छापून विकतात. करितां अधिकृत विक्रेत्याकडूनच, पावती घेऊन खरेदी करावी.

सहकारी मंडळ्यांनीं काय करावें

एकट्या शेतकऱ्याचा शब्द कारखानदार ऐकेल असें नाहीं. पन्नास जणांची एकत्र मागणी तो टाळूं शकत नाहीं. मंडळीनें पेट्यांची एक नोंदवही ठेवावी. तींत नमुना, चिपवरील पूर्ण अक्षरें, क्रिस्टलचा आंकडा व खरेदीचें साल लिहावें. नवी खरेदी करतांना तीन अटी लेखी घालाव्या : चिप सोल्डर केलेली नसून सॉकेटांत बसविलेली असावी, हुकुमांची प्रत मंडळीकडे ठेव म्हणून द्यावी, आणि चिप बंद होण्याची सूचना आल्यास ती मंडळीस कळवावी.

हें मागणें जगावेगळें नाहीं. शेतीच्या यंत्रांचे भाग, सॉफ्टवेअर व माहितीपत्रकें मालकांस मिळावींत असा कायदा अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानानें २०२३ सालीं केला व तो १ जानेवारी २०२४ पासून अंमलांत आला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें २०२२ च्या जुलैंत दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली, तेव्हां शेतीचीं अवजारें हा तिच्या विषयांपैकीं एक ठरविला होता. परंतु समिति नेमणें म्हणजे हक्क पदरांत पडणें नव्हे. जमिनीचा दस्त आपण जसा जपून ठेवतों, तसाच पेटीच्या हुकुमांचा दस्त जपण्याची संवय लागली पाहिजे. आणि ती उन्हाळ्याची पाळी तोंडावर येण्यापूर्वीं लागेल तर बरें.