पोटुशी बाई आणि मिसरी

मैत्रिणींनो, जळकोटच्या आपल्या गावांत बिडी ओढणाऱ्या बाया थोड्या, मिसरी लावणाऱ्या बऱ्याच. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात आणि रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत जातं. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायांचा अभ्यास २००४ साली छापून आला. त्यात तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. बाळंतपणानंतर हेच विष दुधात उतरतं. म्हणून मिसरी सोडा. बाळाचं दूध मात्र तोडू नका.

गटात आपण तिला बोल लावायचा नाही. सासूबाईंनीही घरात तंबाखू भाजणं बंद करावं. तलफ आली की चूळ भरा, बडीशेप चघळा, शेजारणीशी बोला. काही मिनिटांत ती ओसरते. तरी जमेना तर आशाताईंना सांगा, किंवा १८०० ११ २३५६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत.